धाकटा शंख

मनकर्णा सासरी गेली ती चंदनापुरीचा घाट पायी चढून. कोल्हारात पुढे कितीतरी वर्षं लोक ही गोष्ट सांगत आणि पोट धरून हसत. फिलोमिनाही हसायची. पण एकटी असताना ती दुपार आठवली, की तिच्या डोळ्यांसमोर आधी उभा राही तो पुंजारामचा चेहरा. गाडीच्या बॉनेटवर दोन्ही हात टेकलेले, फेट्याचा शेमला सुटून खांद्यावर आलेला, आणि समोर त्याची धाकटी बहीण मनकर्णा, नवरीचा शालू सावरत चढाला लागलेली.

सत्तर सालचा वैशाख होता तो. फिलोमिना तेव्हा कोल्हारच्या एका लहानशा दवाखान्यात नर्स होती. तिचा नवरा अब्राहाम आधी मुळा धरणाच्या कामावर मोठमोठ्या मशिनींची दुरुस्ती करायचा. धरणाचं काम सरत आलं तसा तो गावात परतला आणि प्रवरेच्या पुलाजवळ पत्र्याचं गॅरेज टाकून बसला. पुंजाराम त्यांचा शेजारी. त्याच्याकडे एक जुनी लांबलचक अमेरिकन मोटार होती. तिचं पेट्रोलचं इंजिन कधीच बाद झालं होतं. अब्राहामनंच त्या जागी चार सिलिंडरचं डिझेल इंजिन बसवून दिलं होतं. इंजिन बिचारं लहान आणि गाडी थोराड. तरी लोणी, राहाता, श्रीरामपूर अशा सपाटीच्या रस्त्यांवर ती गच्च माणसं घेऊन खुशाल पळायची. गावानं तिचं नाव हत्तीण ठेवलं होतं.

मनकर्णाला दिलं होतं संगमनेरच्या पठारावर, घारगावच्या बाजूला. लग्न कोल्हारात लागलं आणि पाठवणी हत्तिणीतून निघाली. नवरीला उन्हानं कणकण होती, म्हणून पुंजारामची आई छबूबाई फिलोमिनाला म्हणाली, "सिस्टरबाई, तुमी संगं जावा. तुमी असल्या म्हंजी मला घोर न्हाई."

संगमनेर मागे पडलं, घाट सुरू झाला आणि पहिल्याच मोठ्या वळणावर हत्तिणीनं मान टाकली. काळाकुट्ट धूर सोडत, थरथरत ती जागीच उभी राहिली. आधी पुरुष उतरले. मग करवल्या उतरल्या. तरी गाडी हलेना. शेवटी मनकर्णाच दार उघडून खाली आली. मुंडावळ्या कपाळावरून वर सारत तिनं भावाला विचारलं, "दादा, हत्तीण गाभण हाय का रं?"

सगळं वऱ्हाड हसलं. नवरदेवही हसला. मागून आलेल्या एका मालट्रकच्या ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढून विचारलं, "नवरीला टाकू का पाठीमागं, पोत्यांवर?" तेव्हा मात्र पुंजारामनं मान खाली घातली. फिलोमिना मनकर्णाचा हात धरून चढत होती. पोरीचा हात गरम होता, पण बोलणं थांबत नव्हतं. माथ्यावर पोचेपर्यंत तिनं माहेरच्या सगळ्या शेळ्यांची नावं सांगून टाकली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच पुंजाराम गॅरेजात येऊन बसला. चहा दिला तो त्यानं तसाच गार होऊ दिला.

"अब्राहामभाऊ," तो म्हणाला, "तुमाला काय करायचं ते करा. पर माझ्या गाडीतनं पुन्हा मानूस उतराया लागला न्हाई पायजे."

अब्राहाम उठला. घरात गेला आणि खाटेखालून गोणपाटात गुंडाळलेल्या दोन वस्तू ओढून आणल्या. धरणावरून निघताना तिथल्या कंत्राटदारानं त्याला आठवण म्हणून दिलेले दोन टर्बो. एक होता माती वाहणाऱ्या राक्षसी डंपरचा, कलिंगडाएवढा. दुसरा कसल्याशा विलायती कॉम्प्रेसरच्या इंजिनाचा, नारळाएवढा. धरणावरचे कामगार त्यांना शंख म्हणायचे, कारण आकार अगदी तसाच, वळत वळत आत जाणारा.

"ह्यात एका दांड्यावर दोन चक्रं असतात," अब्राहामनं धाकट्या शंखात बोट घालून चक्र फिरवून दाखवलं. "इंजिनातून बाहेर पडणारा धूर एका चक्राला फिरवतो. त्याच्याबरोबर दुसरं फिरतं, आणि ते बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. तुझं इंजिन चढाला गुदमरतं, पुंजाराम. त्याला श्वास पुरत नाही. हवा जास्त मिळाली, तर तेच इंजिन जास्त डिझेल जाळील आणि जास्त ओढील."

पुंजारामनं धाकट्याकडे पाहिलंही नाही. त्यानं थोरला शंख मांडीवर घेतला. "मग हाच बसवा. डोंगर वडनारा हाय ह्यो."

"तो डंपरचा आहे. त्याचं इंजिन तुझ्या हत्तिणीएवढं होतं, नुसतं इंजिन. त्याला फिरवायला तेवढा धूर पाहिजे."

"थोरलं ते थोरलं, भाऊ. आता बसवायचंच, तर हातचं राखून कशाला?"

फिलोमिनाला नंतरही वाटे, अब्राहामला ते तेव्हाच कळलं होतं. पण त्या थोरल्या शंखाचा त्यालाही मोह होता. धरणावर त्याची गंभीर शीळ त्यानं दिवसदिवस ऐकली होती. ती आपल्या गॅरेजात ऐकावी असं त्याच्याही मनात असणार. पाऊसकाळ संपता संपता दोघांनी मिळून तो बसवला. पाईप वाकवले, वेल्डिंग केलं, इंजिनातलं तेल शंखाच्या दांड्यापर्यंत न्यायला तांब्याची बारीक नळी ओढली.

लोणीच्या रस्त्यावर पहिली फेरी झाली. फिलोमिना मागे बसली होती. बराच वेळ काहीच घडलं नाही. गाडी नेहमीपेक्षाही मंद वाटत होती. मग सरळ रस्त्यावर वेग वाढत गेला, आणि एकाएकी बॉनेटखालून शीळ उठली आणि मागून कुणी ढकलावं तशी हत्तीण पुढे झेपावली. पुंजाराम आनंदानं ओरडलाच. रस्त्याकडेची मेंढरं उधळली, मेंढपाळ शिव्या देत मागे राहिला.

पण घाटात शंखातलं ते भूत जागंच झालं नाही. चढाला इंजिनाची गती पडे, धूर कमी येई आणि थोरला शंख कूस बदलल्यासारखा जरा घुरघुरून पुन्हा निजे. गाडी थांबली ती त्याच वळणावर. ह्या वेळी धूर आणखी काळा होता, कारण अब्राहामनं डिझेल वाढवून ठेवलं होतं आणि त्याच्या जोडीची हवा काही येत नव्हती.

"न्हाई म्हंजी न्हाईच उठत," पुंजाराम खिन्न होऊन म्हणाला.

"झोपलेला नाही तो," अब्राहाम म्हणाला. "उपाशी आहे. आपल्या इंजिनाचा घास त्याच्या दाढेलाही लागत नाही."

मग धाकटा शंख बसवला. आणि धाकट्यानं मात्र कमाल केली. गाडी जरा कुठे चालू लागली, की त्याची बारीक शीळ सुरू. घाटाच्या पायथ्यापासून तो इंजिनाच्या पाठीशी उभा. ते वळण कधी आलं आणि गेलं कळलंसुद्धा नाही. पुंजारामनं उजवा पाय जो दाबला तो उचललाच नाही. पुढच्या ट्रकला त्यानं मागे टाकलं, त्याच्या ड्रायव्हरला हात केला, आणि माथा दिसू लागला तोच बॉनेटखाली धाडकन आवाज झाला. वाफेचा लोट उठला. इंजिन आणि त्याच्या डोक्यावरचं झाकण यांच्यामधली पट्टी, हेड गॅस्केट, फाटून पाणी आणि तेल एक झालं होतं. संगमनेरपर्यंत हत्तिणीला बैलांनी ओढून आणलं.

त्यानंतर अब्राहाम जेवायला बसायचा आणि भाकरी हातात तशीच राहायची. थोरला उशिरा उठतो हे त्याला समजत होतं. पण धाकटा वेळेवर उठतो आणि मग थांबतच नाही. इंजिन जितकं पळेल तितका धूर, जितका धूर तितकी शंखाला गती, आणि तो आणखी हवा कोंबणार. सिलिंडरात हवा वाढली, डिझेल वाढलं, की आग वाढणार. त्या आगीचा दाब झेपायला हे इंजिन घडवलेलंच नव्हतं. किती दाब द्यावा? कुठे थांबावं? धरणावरच्या मशिनींवर दाब दाखवणारी घड्याळं असायची. इथे त्याच्याकडे नुसते कान होते.

एका संध्याकाळी फिलोमिना बाळंतपण उरकून घरी आली. मूल जन्मल्यावर रडलं नव्हतं, आणि तिनं तोंडानं श्वास देऊन त्याला रडवलं होतं. ती दमली होती आणि खुशीतही होती. चुलीपाशी बसून ती सांगू लागली, तेव्हा अब्राहामनं मध्येच विचारलं, "म्हणजे छाती भरून फुंकलंस?"

"छे हो! छाती भरून फुंकलं, तर एवढ्याशा जिवाचं फुप्फुस फाटेल. तोंडात गालाएवढी हवा धरायची, तेवढीच हळूच सोडायची. त्याची छाती उचलली, की पुरे. मग थांबायचं."

अब्राहाम पुढे सरकला. "आणि थांबायचं कधी हे कसं कळतं?"

"छातीवर डोळा ठेवायचा. कळतं."

"मला डोळा कुठे आहे?" तो म्हणाला. "नळीतला दाब मला दिसत नाही."

फिलोमिना उठली. कपाटावर दवाखान्यानं काढून टाकलेलं, रक्तदाब मोजायचं जुनं यंत्र पडून होतं. दंडाला बांधायची पट्टी फाटली होती, पण काचेची नळी आणि पारा शाबूत होता. तिनं ते त्याच्यापुढे ठेवलं. "दाब मोजतं ना? मग तुमच्या शंखाचाही मोजील. तीनशेपर्यंत आकडे आहेत. तीनशेच्या वर गेलेला पेशंट मी अजून पाहिला नाही."

त्या हिवाळ्यात चंदनापुरीच्या घाटात जे चाललं होतं, ते पाहायला लोक मुद्दाम थांबायचे. पुढच्या बाकावर पुंजाराम स्टिअरिंगला, खिडकीशी अब्राहाम कान देऊन, आणि मध्ये मांडीवर लाकडी पेटी उघडी धरून पांढऱ्या साडीतली नर्सबाई. पेटीतून रबराची नळी निघून बॉनेटखाली गेलेली. गाडी चढू लागली, की ती मोठ्यानं आकडे सांगायची. "ऐंशी... शंभर... एकशे वीस... आता थरथरतोय." एकदा एका एसटीच्या कंडक्टरनं जाता जाता विचारलं, "काय बाई, गाडीला ब्लडप्रेशर झालं काय?"

"व्हय!" पुंजारामनं ओरडून उत्तर दिलं. "घाट बघितला की चढतंय!"

अब्राहामनं एका मोडक्या पंपाची स्प्रिंगवाली झडप काढून ती हवेच्या पाईपवर बसवली. दाब ठरल्यापेक्षा वाढला, की झडप उचलायची आणि जादा हवा शिट्टी वाजवत बाहेर जायची. स्प्रिंग किती कसायची, तेवढंच ठरवायचं होतं. आणि ते त्यानं घाई न करता ठरवलं. आधी शंभरावर शिट्टी वाजेल अशी ठेवली. तोच चढ, तेवढीच माणसं. माथ्यावर थांबून पाणी किती तापलंय, धूर कसा येतोय, हेडच्या कडेनं कुठे ओल दिसते का, सगळं हातानं आणि डोळ्यानं तपासायचं. मग स्प्रिंग अर्धा आटा आणखी कसायची. पुन्हा चढ. दीडशेवर गाडी न थांबता माथ्यावर आली. दोनशेवर दुसऱ्या गिअरात आली. दोनशे वीसवर चांगली ओढायला लागली, पण पाणी उकळीच्या जवळ गेलं. अब्राहामनं तिथेच पाना खाली ठेवला.

"बस," तो म्हणाला.

"अजून ऐंशी हाय की बाईच्या नळीत," पुंजाराम म्हणाला.

"नळीत आहे. इंजिनात नाही."

"भाऊ, थोडं कसा. अडीचशे. त्या ट्रकवाल्यांना..."

"पुंजाराम, आज गाडीत आपण तिघं आणि दगडाची पोती. उद्या ह्यात म्हातारी माणसं बसणार. गॅस्केट उतारावर फुटलं, वळणावर फुटलं, तर? माथ्यावर पोचायला जेवढं लागतं तेवढं मिळालं. उरलेलं कुणासाठी पाहिजे?"

पुंजारामनं पाना उचलून सीटखाली ठेवला. फिलोमिनाला वाटलं, पटलं.

एकाहत्तरच्या उन्हाळ्यात मनकर्णा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि फिलोमिनाच्याच हातून तिला मुलगी झाली. बारसं झालं, पावसाळा सरला, आणि लेकीला घेऊन ती परत सासरी निघाली. हत्तीण पुन्हा गच्च भरली. आई छबूबाई, दोन मावश्या, पाळणा, धान्याची पोती, टपावर ट्रंका. मनकर्णाच्या हट्टानं फिलोमिना आणि अब्राहामही निघाले. पाऱ्याची पेटी आता दर फेरीला कोणी नेत नसे. पण ओझं जास्त म्हणून फिलोमिनानं ती सवयीनं बरोबर घेतली आणि नळी जोडली.

घाट सुरू झाला. हत्तीण सुरेख चढत होती. मनकर्णा मागून बाळाला रस्ता दाखवत होती, "हे बघ, तुझी आई हितनं चालत गेल्ती." सगळ्या हसल्या. पुढे एक मालट्रक होता आणि तो बाजूला होत नव्हता. पुंजारामनं पाय दाबला.

पारा दोनशेवर आला. दोनशे वीस. फिलोमिना शिट्टीची वाट पाहत होती. शिट्टी आली नाही. दोनशे पन्नास. तिनं अब्राहामकडे पाहिलं. त्यानंही मान वळवली होती. त्याच्या कानाला ती उणीव आधीच कळली होती.

"पुंजारामभाऊ, पाय काढा," फिलोमिना म्हणाली.

"फकस्त एवढ्या ट्रकाला मागं टाकतो, बाई."

"दोनशे ऐंशी. पाय काढा!"

"आज न्हाई थांबायचं! आज मनकर्णा हाय गाडीत!"

"म्हणूनच म्हणते! तिच्या मांडीवर बाळ आहे!"

हा आवाज तिचा स्वतःचा होता, पण असा तिनं दवाखान्याबाहेर कधी लावला नव्हता. पारा नळीच्या टोकाला टेकून थरथरत होता. इंजिनातून एक कोरडी, कडक ठोकर ऐकू येऊ लागली होती. मागचं हसणं थांबलं. पुंजारामनं आरशातून मागे पाहिलं. तिथे त्याला काय दिसलं हे फिलोमिनाला कधी कळलं नाही, पण त्याचा पाय उचलला गेला. पारा धावत खाली आला. ठोकर थांबली. ट्रक पुढच्या वळणाआड निघून गेला, आणि हत्तीण खालच्या गिअरात, बैलगाडीच्या चालीनं, पण न थांबता चढत राहिली. माथा आला तेव्हा गाडीतलं एकही माणूस उतरलेलं नव्हतं.

माथ्यावर पुंजारामनं गाडी कडेला घेतली. इंजिन लगेच बंद केलं नाही. शंख थंड होईपर्यंत ते हळू चालू ठेवायचं, हे अब्राहामनं त्याच्या अंगवळणी पाडलं होतं. वाट बघत तो स्टिअरिंगवर हात ठेवून बसला. मग म्हणाला, "म्याच कसली हुती, भाऊ. काल सांजंला. दोन आटे."

अब्राहामनं सीटखालचा पाना काढला आणि त्याच्या हातात दिला. पुंजाराम उतरला, बॉनेट उघडलं आणि स्वतःच्या हातानं स्प्रिंग आधी होती तिथे आणली. तेवढ्यात मनकर्णाही खाली उतरली. बाळाला भावाच्या कडेवर देत म्हणाली, "धर हिला. मला पाय मोकळे करायचेत. आन् तोंड कशाला पाडलंस? पोचलो न्हवं?"

पठारावर तेव्हा गवत पिवळं पडू लागलं होतं आणि वारा चांगला सुटला होता. छबूबाईंनी धपाटी सोडली. बाळ मामाच्या फेट्याशी खेळत होतं. गरम इंजिनाचा, डिझेलचा आणि गवताचा असा मिळून एक वास येत होता. पुढे फिलोमिना कुठेही असो, पेट्रोल पंपापाशी कुणी गवताचा भारा घेऊन गेलं, की तिला ते दुपारचं ऊन अंगावर आल्यासारखं वाटायचं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. माणसं खडी फोडायला रस्त्यांच्या कामांवर गेली, शेतातली इंजिनं बंद पडून राहिली, गॅरेजात कुणी फिरकेना. नगरजवळ नागापूरला नवे कारखाने उभे राहत होते. अब्राहामला तिथे फिटरची नोकरी लागली. सामान पोचवायला हत्तीणच आली. खाट, भांडी, फिलोमिनाची शिलाईची मशीन, आणि न विकलेला थोरला शंख. राहुरी गेली, रस्ता सपाट होता, आणि धाकट्या शंखाची बारीक शीळ तेवढी चालू होती.

नागापूरच्या दोन खोल्यांत सामान उतरवून झालं. पुंजाराम एका ट्रंकेवर बसला. चहा झाला. पाणी झालं. तो उठेना. बाहेर गाडीत कुणी वाट बघत असल्यासारखा दाराकडे बघायचा आणि पुन्हा कारखान्याविषयी काहीतरी विचारायचा. पगार नको विचारायला म्हणून त्यानं भोंगा किती वाजता होतो ते विचारलं, पाणी गोड आहे का विचारलं, शेजारी कोण राहतं विचारलं. अब्राहाम सगळ्याला नीट उत्तर देत होता, जणू ते आज पहिल्यांदाच भेटले होते.

फिलोमिनानं गोणपाट सोडून परात काढली. स्टोव्ह कुठल्या खोक्यात आहे ते तिला आठवेना.

"पुंजारामभाऊ, जेवूनच जा आता."

"आता कशाला बाई, उगं तरास," तो म्हणाला, आणि डोक्यावरचा फेटा काढून त्यानं तो शेजारच्या खोक्यावर ठेवला.

"स्टोव्ह शोधून द्या मग," ती म्हणाली. "पिठलं करते."

दोघं मित्र उकिडवे बसून खोकी सोडू लागले.